आबाजी हालत नाहीत

अल्लीपूरच्या घरी काजलनं लहानपणी आजी-आबाजीचं भांडण ऐकलं होतं. “लग्नाचा एकच फोटो, अन् त्यातई तुमी हालले! मी काय भुतासंगं लगन लावलं?” कांताबाई कडाडली होती. फोटोत नत्थूजींचं तोंड खरंच पुसल्यावानी होतं.

आता कांताबाई गेली, अन् नत्थूजींच्या छातीच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले. वर्ध्याले फिल्म शिकणाऱ्या काजलले प्रोजेक्टसाठी कॉलेजचा कॅमेरा मिळाला. तिले चालतेबोलते आबाजी जपून ठेवायचे होते. पण कॅमेरा दिसला की म्हातारा खांबावानी ताठ!

“आबाजी, चाला ना.”

“फोटोत कोनी चालते काय, बाई?”

तिनं पॅन केला, म्हणजे कॅमेरा डावीकडून उजवीकडं फिरवला. मग मैत्रिणीच्या चालत्या सायकलवर मागं बसून ट्रॉली शॉट, म्हणजे कॅमेराच पुढं नेत चित्र घेतलं. सगळं हाललं, आबाजी तेवढे श्वास रोखून उभे.

कॅमेरा परत गेला. संध्याकाळी काजल रिकाम्या हातानं ओट्यावर बसली होती. ती आबाजीची दुधाची शेवटची खेप, हे तिले दुसऱ्या दिवशी समजलं. नत्थूजींनी रोजच्यासारखी बरणी उचलली, थांबत थांबत डेअरीतून दूध आणलं अन् म्हणाले, “तापवून ठेवजो, नाईतर नासन.”