चाकामागचा दगड
पेट्रोलचा वास आला की मला धारूरचा घाट आठवतो. डॉक्टरांनी हात टेकल्यावर आमच्या काकांना त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी एकदा शेवटची त्या घाटात चालवायची होती. तिला जीपचे दोन कार्बोरेटर बसवताना लिव्हरपासून गिअरबॉक्सला जाणारी सळई हलली होती. ती मी मोबाईलवर व्हिडिओ बघून, अक्कल पाजळून जुळवली. घाट चढताना काका प्रत्येक वळणावर उगाच हॉर्न वाजवत होते. किल्ला दिसला तशी त्यांनी गाडी थांबवली, लिव्हर 'पार्क'वर टाकली आणि म्हणाले, "हँडब्रेक न्हाई तिला. चाकामागं दगड लाव बे." दगड मी उचलला, पण लावला नाही. "काका, ही काय बैलगाडी हाय का? गिअर लॉक झालाय." "लई शाना झालास!" म्हणत ते उतरले आणि गाडी मागं सरकू लागली. लिव्हर 'पार्क'वरच होती, पण मी जुळवलेल्या सळईनं आतला गिअर मोकळाच ठेवला होता. आमच्या देखत गाडी दरीत गेली. काका माझ्या हातातला दगड खाली ठेवायला लावून त्यावर टेकले. "चल, बसायला तरी कामाला आला." गाडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि पुढं फार दिवस राहिलेही नाहीत. आता माझी गाडी सपाट अंगणात उभी असते, तरी मी चाकामागं दगड लावतो.