पाणी फिरेपर्यंत

पवनीजवळच्या एका खेड्यात मी नऊ वर्षं चौथीला भूगोल शिकवत होते. भरती-ओहोटीचा धडा आला की मी जरा घाईनं पुढे जायची. वैनगंगेचा पूर पाहिला होता, उन्हाळ्यात तलाव आटताना पाहिले होते. पण गेलेलं पाणी त्याच दिवशी परत येतं म्हणजे कसं? पुस्तकात होतं म्हणून सांगायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षकांनी मिळून बस ठरवली आणि घरच्यांसह कोकणात गेलो. कोळ्यांच्या एका गावात टायर फुटलं. स्टेपनीतही हवा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "तासभर लागेल." सगळे चहाला गेले. मी वाळत घातलेल्या मासळीच्या रांगांमधून सरळ किनाऱ्याकडे निघाले. वारा एवढा की पदर दातांत धरावा लागला.

समुद्र होता, पण दूर. मधे नुसता चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. मासळी उलटवणाऱ्या बाईला मी विचारलं, "पाणी कधी येते जी?"

"आता फिरंलच. थांब, बाय."

तिच्याकडून एक काठी घेतली, चिखल तुडवत गेले आणि पाण्याच्या कडेला रोवली. पाणी आणखी वीतभर मागेच सरकलं. बराच वेळ गेला. मग हॉर्न वाजू लागला आणि माझे यजमान धावत आले.

"अवो, चाल ना! सारे गाडीत बसून राहिले."

"मी नाही येत."

"काहून?"

"नऊ वर्षं न पाहता शिकवून राहिली. आज पाहूनच येईन. तुमी जा, गाडी थांबवा."

ते चिडले, पण गेले नाहीत. घड्याळ बघत शेजारी उभे राहिले. एक पातळ लाट काठीपर्यंत आली नि फिरली. पुढची काठी ओलांडून माझ्या पायांवर आली. मग पाणी चढतच गेलं. जवळची होडी हलली तेव्हा यजमान पुटपुटले, "येते बाप्पा, खरंच येते!"

गाडीत ड्रायव्हर खूप बोलला. मी सगळ्यांची माफी मागितली. पण असं पुन्हा झालं तर पुन्हा थांबेन, हेही सांगून टाकलं.