कारणाच्या रकान्यात ‘वेळ’

रविवार, सकाळी साडेदहा. हजर: माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, उमरेडहून पहिल्या बसने आलेली आई आणि मी. गैरहजर: बाबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. जागा: भावाच्या धरमपेठेतल्या फ्लॅटमधली आतली खोली. काम: बुद्धिबळाचा ऑनलाइन सामना, तीन-तीन मिनिटांचे सहा डाव.

भाऊ ग्रँडमास्टर आहे. समोरासमोरच्या स्पर्धा त्याने दोन वर्षांपूर्वी प्रवासाचा कंटाळा आला म्हणत सोडल्या, आता तो फक्त संगणकावर जलद डाव खेळतो. त्याच्या डावांची नोंदवही तो शाळेत होता तेव्हापासून माझ्याकडे आहे. रकाने पाच: प्रतिस्पर्धी, रंग, सुरुवात, निकाल, कारण. शेवटचा रकाना बाबांनी घालायला लावला. का हरलो ते एका शब्दात लिहायचं. जास्त शब्द लागले तर कारण कळलेलंच नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा दुसरा नियम असा की लिहिणारीने त्याच्या पाठीमागे बसायचं. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. लहानपणी माझ्या भुवया पाहून त्याला आपली चूक कळायची आणि तो ती दुरुस्त करायचा. ते बाबांना पटलं नाही. तेव्हापासून माझी खुर्ची त्याच्या मागे. खांद्यावरून पट दिसतो, तेवढं मला पुरतं.

त्याचा खेळ सुरुवातीला पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल. साध्या चाली, वजीर लवकर बाहेर नाही, प्यादी एकमेकांना धरून. समोरचा विचारात वेळ घालवतो, हा घालवत नाही. शेवटची वीस सेकंदं उरली की तो बदलतो. घोडा भलत्याच घरात पडतो, हत्ती फुकट दिल्यासारखा पुढे येतो, आणि समोरच्याची चाल पडण्याआधीच याची पुढची लावून ठेवलेली असते. हरलेले कितीतरी डाव त्याने याच वीस सेकंदांत ओढून आणले. वहीत अशा डावांपुढे मी हिरवी खूण करते.

गेल्या वर्षी हिरव्या खुणा कमी झाल्या आणि कारणाच्या रकान्यात ‘वेळ’ हा शब्द वरचेवर येऊ लागला. आम्ही उपाय केले. यादी माझीच: नवा माऊस, नेटची जोडणी, खुर्चीची उंची, चष्म्याचा नंबर. चारही बाबींवर बरोबरची खूण झाली. ‘वेळ’ येतच राहिली.

त्या रविवारी आईचे गुडघे दुखत होते. हात टेकायला जागा असलेली खुर्ची खोलीत एकच होती, माझी. ती मी तिला दिली आणि पलंगाच्या कडेवर बसले, भावाच्या उजव्या बाजूला.

“एवढ्या घाईनं तं मी भाजीबी निवडत नाही गा,” आई म्हणाली.

“म्हणून तं जेवाले दोन वाजतात,” तो मान न वळवता म्हणाला.

चौथा डाव त्याने जिंकल्यात जमा होता. प्यादं सातव्या ओळीत, एक घर पुढे गेलं की वजीर. बारा सेकंद उरले होते. त्याने प्यादं उचललं आणि ते शेजारच्या घरावर सुटलं. नियमात न बसणारी चाल म्हणून संगणकाने ते परत जागेवर ठेवलं. पुन्हा तसंच. मी पटावरून नजर काढून खाली पाहिलं. उजवा हात थरथरत होता आणि डाव्या हाताने त्याने ते मनगट टेबलावर दाबून धरलं होतं. तिसऱ्यांदा प्यादं सुटलं आणि वेळ संपली.

“लिही वं ताई. वेळ.”

“हे किती दिवसांपासून होऊन राहिलं?”

“काय?”

“हात.”

त्याने आईकडे पाहिलं. “हळू बोल.”

“हरला का?” आईने मागून विचारलं. तिला त्याची पाठ दिसत होती. “जाऊ दे गा. पुढचा जिंकशीन.”

उरलेले दोन्ही डाव तो हरला.

स्वयंपाकघरात मी त्याच्या बायकोला विचारलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. “मले वाटलं तुम्हाले ठाऊक आहे ताई. तुम्ही तं सगळं लिहून ठेवता.”

संध्याकाळी आईला बसमध्ये बसवून आल्यावर तो बोलला. स्पर्धा प्रवासाचा कंटाळा आला म्हणून सोडल्या नव्हत्या. तिथे प्रत्येक चाल स्वतःच्या हाताने कागदावर लिहावी लागते. त्याचं अक्षर बारीक होत गेलं होतं, इतकं की एकदा पंचांनाही ते वाचता आलं नाही. ऑनलाइन काही लिहावं लागत नाही, म्हणून तो तिकडे गेला.

“मले काहून नाही सांगितलं?”

“तू लिहून ठेवलं असतं.”



सोमवारी तपासणीची वेळ घेतली, मंगळवारी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, सुरुवातीचा. गोळ्या सुरू झाल्या. खेळायला हरकत नाही, जलद खेळायचं की नाही ते त्याने ठरवावं, असं ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात संघांची ऑनलाइन लीग आहे. त्यात कॅमेरा लागतो, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा. आई त्याचे सामने मोबाइलवर पाहते.

“मी खेळीन,” काल तो म्हणाला. “हरलो तरी खेळीन. पण आईले आधी सांग. तिले असं पडद्यावर नाही कळलं पाहिजे. माझ्यानं सांगणं होत नाही.”

मी हो म्हटलं. आईचा फोन रोज येतो. काल रात्रीही आला. तो नेटमुळे हरतो, असं तिला सांगितलेलं आहे.

“नेट सुधरलं का वं त्याचं?”

“पाहून राहिलो,” मी म्हटलं, आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

फोनवर सांगायची ही गोष्ट नाही, समोर बसून सांगायची. संघाला नाव शनिवारपर्यंत कळवायचं आहे. आज गुरुवार. गोळ्या आणल्या, सुटीचा अर्ज दिला, बसच्या वेळा पाहून ठेवल्या. उमरेडला जायचं राहिलं आहे.