आधी चाचाले समजवा

गादीच्या दुकानात किस्से आपोआप साचतात. गिऱ्हाईक आधी गादी दाबून पाहतं, मग बसून पाहतं, मग लाजत लाजत आडवं होतं. आणि आडवा झालेला माणूस गप्प राहत नाही. बाळापुरात दुकान टाकल्यापासून अख्ख्या तालुक्याचं मन मी असंच ऐकत आलो. पण सगळ्यात भारी किस्से दिले ते कधीच गादी न घेतलेल्या गिऱ्हाइकांनी. ती होती नववीची पोरं.

*

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या सालची गोष्ट. एक दिवस वानखडे मॅडम दुकानात आल्या. जवळच्याच खेड्यातल्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. मी म्हणालो, "या मॅडम. सिंगल दाखवू की डबल?"

त्या थेट मागच्या गोदामात गेल्या आणि एक टाळी वाजवली. कान देऊन ऐकलं. पुन्हा एक वाजवली. मला वाटलं, डास असेल.

"कादरचाचा, इथं आवाज घुमत नाही," त्या खूश होऊन म्हणाल्या.

घुमणार कसा? चारी भिंतींना गाद्या, वर रजयांच्या थप्प्या. त्यांच्या शाळेवर टिनपत्रे. तिथं एक पोरगं खोकललं की अख्खा वर्ग खोकलल्यासारखा वाटे.

त्यांची अडचण साधी होती. त्या साली कोणाच्याच घरात पैसा नव्हता. घरोघरची पोरं वेचणीला जात आणि वर्ग अर्धा रिकामा राही. मॅडमनी युक्ती काढली, पोरांनीच धड्यांचे पॉडकास्ट बनवायचे. म्हणजे मोबाइलवर बोलून भरायचे, गावातल्या फोनांवर पाठवायचे, शेतातल्या पोरांनी वेचता वेचता ऐकायचे. त्यासाठी शनिवारी दुपारी माझं गोदाम हवं होतं.

हेडमास्तरांना हे पटलेलं नव्हतं. त्यांनी मॅडमना सांगून ठेवलं, "वार्षिक परीक्षेत वेचणीवाली पोरं पास झाली नाही, तर हा बाजा बंद. मोबाइल फाटकाच्या बाहेर."

*

पहिल्या शनिवारी पूजा आली. आठवडाभर आईबरोबर कापूस वेचायची, शनिवारी दुपारी रेकॉर्डिंगला यायची. तिनं घसा साफ केला आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात पुस्तक वाचायला लागली. "प्रकाशाचे अपवर्तन म्हणजे..."

मी एका गादीवर बसलो होतो. जाग आली तेव्हा धडा संपला होता.

पूजा म्हणाली, "चाचा, तुमी झोपले व्हते?"

"बेटा, गादी चांगली आहे," मी म्हणालो.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नियमच करून टाकला. यापुढं पुस्तक वाचायचं नाही. आधी चाचाला समजवायचं. त्यांना समजलं तरच फोन चालू करायचा.

मी सातवी नापास. मराठी शिकलो ती गाद्यांवर गुंडाळून येणाऱ्या पेपरांतून. पण गिऱ्हाईक काय काय विचारतं, हे मला ठाऊक होतं. तेच मी पोरांना विचारायला लागलो, सगळ्यात आधी 'काहून', म्हणजे 'का'. "काहून? मंग पुढं काय? अन् तसं नाई झालं तर?" पोरं जेरीस येत. गजानन नावाच्या पोरानं तर मॅडमकडं तक्रार केली, "मॅडम, परीक्षा सोपी असते जी. हे चाचा कठीण आहेत."

*

हळूहळू शेतात फोन बोलायला लागले. पूजाची आई फोन ओटीत कापसाच्या वर ठेवायची. शेताच्या मालकाला ते खटकलं. "वयनी, कान तिकडं अन् हात हळू चालून राहिले. बंद करा ते."

पूजाच्या आईनं बंद केलं. तेव्हा फोनमधला गजानन बोंडअळीवर बोलत होता. अळी जमिनीत कोष करून कशी बसते, तिथवर आला होता.

मालक बांधापर्यंत गेला. परत आला. म्हणाला, "लावा व. ते कोषात गेली, मंग तिचं काय झालं?"

*

एक भाग हवेतल्या ओलाव्याचा होता. पोरांनी दवातला कापूस माझ्या काट्यावर तोलला, दुपारी वाळवून पुन्हा तोलला आणि फरक सांगितला. शेवटी पूजा आपल्या मनानं म्हणाली, "कापूस वाळवून नेला असन, तर व्यापाऱ्याले विचारून पाहा, वजनातून ओलाव्याची कपात कायची?"

बायांनी खरंच विचारलं. बाजाराच्या दिवशी एक कापसाचा व्यापारी, माझा जुना दोस्त, तणतणत दुकानात आला. "कादरभाई, तुमच्या गोदामातून आमच्या धंद्याचं काय काय बाहेर जाऊन राहिलं?"

"भाऊ, तो विज्ञानाचा धडा आहे," मी म्हणालो. "सरकारी पुस्तकातला."

बराच वेळ बडबडला. चहा घेतला. जाता जाता हळूच म्हणाला, "तो भाग माह्या फोनवर टाका. पोरगी नववीत आहे."

*

मार्च-एप्रिल आला. मॅडमची झोप उडालेली, माझीही. पेपर झाले आणि दोनच दिवसांत हेडमास्तरांचा निरोप आला, "शाळेत या."

गेलो. मॅडम भिंतीशी उभ्या. टेबलावर विज्ञानाच्या पेपरांचा गठ्ठा.

"कादरभाई, हे चाचा कोण?" हेडमास्तरांनी विचारलं.

मला कळेना. त्यांनी एक पेपर उघडून वाचला, "ऐका चाचा, पाण्यात काडी वाकडी दिसते, पण ती वाकडी नसते." दुसरा उघडला, "चाचा, तुमी म्हणान काहून, तर सांगतो." तिसऱ्यात पूजानं लिहिलं होतं, "आता तरी झोपू नका."

मी खाली मान घातली.

"उत्तरं?" मॅडमनी विचारलं.

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "वेचणीवाली सगळी पास आहेत," ते म्हणाले. "पूजा वर्गात पहिली."

मॅडम तिथंच खुर्चीत बसल्या. बाजा बंद करायचं नाव कोणी काढलं नाही.

*

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी गोदामात होतो. पूजा आणि गजानन फोन मांडून बसले होते. दारात हेडमास्तर. त्यांनी बूट काढले, आत आले, इकडंतिकडं पाहिलं आणि एक टाळी वाजवली. थोडं ऐकलं.

"एक धडा मलेही सांगाचा आहे," ते म्हणाले. "पायथागोरस. तीस वर्षं शिकवला."

ते फोनसमोर बसले. घसा साफ केला. पूजानं फोनवर हात ठेवला.

"सर, तसं नाई चालत. आधी चाचाले समजवा."

हेडमास्तर माझ्याकडं वळले. त्यांनी गादीवर बोटानं त्रिकोण काढला. बाजू सांगितल्या, वर्ग सांगितले, घाम पुसला. मी नीट ऐकलं. मन लावून ऐकलं.

"सर," मी म्हणालो, "काहून?"

पूजानं फोन पालथा ठेवला.

"सर, पुन्हा."