झाली काय बाळाची शी?

कोल्हापुरात बाळ जन्मलं की अख्खी पेठ विचारते, मुलगा का मुलगी, वजन किती, नाक कुणावर गेलंय. सगळ्या जिल्ह्यात माझी नणंद एकटीच अशी असेल, जिला यातलं काहीच नको असतं. ती थेट विचारते, "शी झाली काय?" माझी धाकटी जन्मली तेव्हा मी गुंगीतून डोळे उघडले, तर समोर नवरा नाही, सासूबाई नाहीत, हातमोजे घातलेल्या आमच्या वन्सं उभ्या. "तू झोप गं. तुझ्याशी काय काम न्हाय माझं," एवढं म्हणून त्या पाळण्याकडे वळल्या.

वन्सं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, आणि उरलेल्या वेळात नवजात बाळांची पहिली, डांबरासारखी काळी शी गोळा करतात. आई पोटुशी असताना खाण्यातून, श्वासातून जे विषारी तिच्या अंगात जातं, फवारणीचं औषध म्हणा, शिसं म्हणा, त्यातलं थोडं बाळापर्यंत पोचतं आणि त्याच्या आतड्यात साठत राहतं. आईच्या रक्तावरून हल्लीचं कळतं, पण या पहिल्या शीवरून मागच्या कित्येक महिन्यांचं कळतं. हे सगळं मला पाठ आहे, कारण वन्संनी ते आमच्याकडच्या प्रत्येक बारशात, पंगतीला पांढरा रस्सा वाढत असताना समजावून सांगितलं आहे. पाहुणे वाटी खाली ठेवतात. वन्सं मात्र रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतात.

त्यांच्या स्कूटरवर पुढे कायम बर्फाची पेटी. रंकाळ्यावर थांबल्या की कुणीतरी विचारणारच, "काय पावणं, कुल्फी हाय काय?" एकदा ट्रॅफिकवाल्या मामांनी अडवून पेटीत काय आहे म्हणून विचारलं. वन्संना खोटं बोलता येत नाही. त्यांनी खरं ते सांगितलं आणि उघडून दाखवू का म्हणाल्या. मामांनी हेल्मेटचासुद्धा विषय काढला नाही. घरात त्यांचे दोन फ्रीज आहेत, एकाला कुलूप. आमच्याकडच्या एका जावईबापूंनी ताक शोधताना ते कुलूप जोर लावून ओढलं होतं. आत काय आहे हे कळल्यापासून ते वन्संकडे पाणीदेखील घेत नाहीत.

प्रसूतीच्या वॉर्डात मी त्यांच्यासोबत पुष्कळदा गेले आहे, पेटी धरायला. आयांची परवानगी त्या फार नीट, पुन्हा पुन्हा विचारून घेतात. आया हसतात आणि हो म्हणतात. अडतं ते सासवांपाशी. चंदगडकडच्या एका आजींनी दुपटं छातीशी धरून साफ सांगितलं, "न्हाय द्यायची. पोराची घाण न्हेऊन कुणी करणी केली मंजे?"

"करणी आधीच झाली आसंल, आजी," वन्सं त्यांच्या शेजारी बसत म्हणाल्या. "कुणी केली, तेवढंच हुडकतोय मी." आजींनी थोडा विचार केला आणि दुपटं पुढे केलं.

अशीच उचगावची रेहाना भेटली. तिच्या पहिल्या मुलीचा नमुना तपासून आला तेव्हा शिसं इतकं निघालं की वन्संनी तो पुन्हा तपासायला लावला. आकडा तोच आला. तोवर काही महिने उलटून गेले होते. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो, आणि दारातच कारण दिसलं. तिचा नवरा सलीम पुढच्या खोलीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत होता आणि मागच्या खोलीत रेहाना पोळ्या लाटत होती.

"बाई, आमच्या आज्यापास्नं हेच चाललंय," सलीम म्हणाला. "कुणाला काय झालं?"

"कुणी मोजलं हुतं?" वन्संनी विचारलं.

सलीमला ते पटलं नाही. मग वन्संनी हट्ट धरला, हे काम घराबाहेर न्यायचं. कॉलेज सुटलं की स्कूटर उचगावला. भांडण नाही, व्याख्यान नाही. जायचं, चहा प्यायचा, मधूनमधून रेहानाच्या मुलीचं रक्त तपासून घ्यायचं, आणि निघताना, "सलीमभाई, जागा बघितली काय?" एवढंच विचारायचं. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "तुमचा चहा परवडंना झालाय." वस्तीपासून लांब भावाच्या माळावर त्याने पत्र्याची शेड टाकली आणि काम तिकडे नेलं. तिथंच अंघोळ करून, कपडे बदलून तो घरी येऊ लागला. वन्सं आणि रेहानाने मिळून पुढची खोली घासून काढली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका पदर खोचून ओल्या फडक्याने भिंत पुसताना मी पाहिल्या आहेत.

पुढे रेहानाला दुसरी मुलगी झाली. अहवाल आला त्या दिवशी वन्संनी मला फोन करून कॉलेजच्या फाटकाशी बोलावलं, तिथूनच स्कूटरवर घेतलं आणि वाटेत पेढे घेतले.

"कमी आलंय," रेहानाच्या उंबऱ्यातूनच त्यांनी सांगितलं. "अजाबात न्हाय असं न्हाय. आईच्या हाडात मुरलेलं हळूहळूच जातंय. पर थोरलीपेक्षा लई कमी."

सलीमने पेढा तोंडात टाकला आणि पाठ फिरवून डोळे पुसले. रेहाना हसत होती. तिने धाकटीला वन्संच्या हातात दिलं. एवढी बाळं पाहिलेली ही बाई, पण बाळ कसं धरतात ते हिला येत नाही. परातीत काहीतरी सांडणारं असावं तसं वन्संनी ते धरलं.

थोरली दाराआडून बघत होती. ती आता चालते, पळते, पण बोलायला जरा उशीर होतोय. शिशामुळे का उगीचच, हे कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, लक्ष ठेवू. वन्संनी बाळ माझ्याकडे दिलं, जमिनीवर बसल्या आणि पेढा पुढे केला. थोरली हळूच आली आणि त्यांच्या मांडीवर बसून पेढा खाऊ लागली. काही बोलली नाही. वन्संही बोलल्या नाहीत, एरवी पंगत उठवणाऱ्या वन्सं. पेढा संपला तरी त्या तिचे केस सारखे करत बसून राहिल्या.

परतताना त्यांनी स्कूटर फार सावकाश चालवली. शहर जवळ आल्यावर म्हणाल्या, "थोरलीच्या वक्ताला आपण वाईच उशिरा पोचलो गं."

मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी चालत राहिली.