मास्तरणीचा चष्मा

दर गुरुवारी बेटावर बोट यायची. बोटीतून पाहुणे उतरायचे आणि पाहुण्यांच्या पुढे गाईड. त्याला बेटाची भारी काळजी, म्हणजे पाहुण्यांना ते कसं दिसतं याची. म्हणून गुरुवारी सकाळी दोरीवरच्या जीन्स आत जायच्या, रेडिओ गप्प व्हायचा आणि बायका किनाऱ्यावर जाळी विणत बसायच्या.

त्यांत बावीस वर्षांची एक होती. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सारं बेट तिला मास्तरीण म्हणे. स्वतःची शाळा सातवीत सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. विणण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"मास्तरीण, तेवढा चष्मा काढ," गाईड दर वेळी म्हणायचा. "फोटोत बरा दिसत नाही."

ती काढायची, अंदाजपंचे गाठी मारायची आणि बोट गेली की त्या उसवून पुन्हा घालायची. एका गुरुवारी अंगात कणकण होती, म्हणून उसवणं राहून गेलं. दोन दिवसांनी भर समुद्रात बाबांचं जाळं नेमकं तिथेच फाटलं. ते ओढताना त्यांच्या तळहातांची सालटी निघाली. घरी येऊन बाबा अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. पट्टी बांधताना तिला आधी स्वतःचा राग आला, मग गाईडचा, आणि तो काही केल्या उतरेना.

पुढच्या गुरुवारी गाईडने लांबून खूण केली. तिने काणाडोळा केला. तेव्हा तो जवळ आला.

"चष्मा, मास्तरीण."

"नाही काढणार."

"अगं, पाहुणे जुनं बेट बघायला आलेत!"

"मग आधी त्यांचे काळे चष्मे काढायला सांगा. माझं नंतर बघू."

शेजारी बसलेली आत्या फिस्सकन हसली. गाईड लालबुंद झाला. "पुढच्या वेळी बोट पलीकडच्या बेटावर नेतो. मग बसा माशा मारत!"

"माशा कशाला? मासे आहेत की!"

हे बोलायला सोपं होतं. घरी आईने तिला फैलावर घेतलं. "पाहुण्यांवर गावातलं दुकान चालतं, तुझ्या आत्याच्या शिंपल्यांच्या माळा खपतात. तुझ्या एका चष्म्यापायी गावाच्या पोटावर पाय?"

तिला भीती वाटत होतीच. पण ती म्हणाली, "आई, डोळे माझे आहेत, आणि सोललेले हात बाबांचे. फोटोसाठी आता दोन्ही द्यायचे नाहीत."

आईने तव्यावर भाकरी आपटली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

गुरुवार आला. बोट लांबूनच वळली आणि पलीकडच्या बेटाकडे निघून गेली. किनाऱ्यावर सगळ्यांच्या माना आधी बोटीकडे आणि मग मास्तरणीकडे वळल्या. गावचा मुखिया तरातरा तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"झालं समाधान?"

तिने जाळं मांडीवर ओढलं. पहिली गाठ नीट बसली.

"अजून नाही," ती म्हणाली. "बाबांचं जाळं अर्धंच झालंय. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."