आक्काचा पाळणा आणि माझा कीबोर्ड

मुलीच्या बारशाआधी मी थोरल्या बहिणीला ऐटीत कळवलं, या खेपेला पाळणा कीबोर्डवर वाजणार, तू आरामात बस. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराचा पाळणा आक्कानेच म्हटलेला. ती ताडकळसला आमच्या घरी आली, पण माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. आत्याच रुसली तर पोरीच्या कानात नाव कोण सांगणार, याची घरात सगळ्यांना काळजी लागली होती. मला मात्र कीबोर्डची.

तो मी हैदराबादहून आणला होता. वाजवलेल्या गाण्याचा त्यात आवाज साठत नसे, हुकूम साठत: ही पट्टी दाब, ती सोड, सूर वाकवायचं चाक इतकं फिरव. सोबतच्या पुस्तकात बजावून लिहिलं होतं की प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ‘सगळं मूळ जागी आण’ हा हुकूम घालावा. मी विज्ञानाचा मास्तर. ते पान ओलांडून पुढे गेलो.

बारशाच्या दुपारी स्वागताची धून झोकात वाजली. तिच्या शेवटी मी सनईचा सूर चाकाने खाली घसरवला होता आणि तिथेच रेकॉर्डिंग तोडलं होतं. हात सोडताच चाक परत वर आलं, पण त्याची खबर कीबोर्डला नव्हतीच. त्यामुळे पाळणा सुरू झाला तो सनई दोन पट्ट्या खाली आणि त्यातलीच साथीची पेटी आपल्या जागी. बायका बिचाऱ्या इमानाने गायला लागल्या. निम्म्या सनईबरोबर गेल्या, निम्म्या पेटीबरोबर, आणि माझी सासू दोन्हींच्या मधून. पोरीने भोकाड पसरलं. मी चाक हलवलं, बटणं दाबली, कीबोर्डच्या पाठीवर थापही मारली. बंद करावा तर आतलं सगळं पुसलं जाणार, पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून घाम पुसत नुसता हसत राहिलो.

आक्का उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने सरळ पिन उपसली. मग तोंडातलं पान थुंकून आली, खाली बसली, तांब्याभर पाणी प्याली, पदर सारखा केला, खाकरली आणि मगच तोंड उघडलं. पुस्तकातलं मी ओलांडलेलं पान ते हेच होतं: आधी सगळं मूळ जागी, मग गाणं. चौथ्या कडव्याला पोर झोपली.

आक्काने तिच्या कानात नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी आक्काच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. मेहनत गेल्याचं दुःख होतंच, पण लाज त्याहून जास्त वाटत होती. मी माफी मागायला जवळ गेलो, तर तिने माझी मानगूट धरून मला वाकवलं आणि बायकांना म्हणाली, "ह्याला बी घाला दोन."

घातले. शेवटचा धपाटा तिचा होता आणि तो सगळ्यांत जोरात बसला. पाठ चोळत वर पाहिलं, तर आक्काच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला आरामात बस म्हनलास," ती म्हणाली. "पोरीची आत्या हाय मी. पाव्हनी हाय का?"